गॅरेज म्हणे!

सोमवार, संध्याकाळ. लातूर.

सुध्याचं पुस्तक आज हातात पडलं. आमच्या रॉक बँडच्या आठवणी. गाणारा तोच होता, मी मागं ड्रमवर. लिहू दे त्याला. पण दुसऱ्याच पानावर म्हणतो, 'आम्ही एका गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करायचो.'

गॅरेज! आपल्यापैकी कुणाच्या घरी मोटार होती रे? माझ्या अप्पांची डाळमिल होती ती. महादेवाचा वार म्हणून अप्पा सोमवारी मिल बंद ठेवायचे आणि आम्ही आत धिंगाणा घालायचो. शेजारी भांडायला आले, तर अप्पांनी स्वतः शिडीवर चढून चारी भिंतींना रिकाम्या पोत्यांचा बारदाना ठोकला. मी ड्रम बडवला की तुरीचा भुसा उडायचा आणि हाच सुध्या शिंकत शिंकत गायचा. ते लिहायला लाज वाटली का?

रागारागात फोन केला. म्हणतो, "अरे, रॉक बँड म्हटलं की गॅरेजच शोभतं. लई मनावर घ्यायलास तू."

शोभतं! डाळमिल शोभत नाही. अप्पा शोभत नाहीत.

फोन ठेवला तर अप्पा चष्मा पुसत दारात उभे. "वाच की. बारदान्याचं लिहिलंय का त्यानं?"

"हाव," म्हणालो. पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेलं पान वाचून दाखवलं. शिडी, भुसा, चारी भिंतींचा बारदाना, सगळं.

अप्पांनी मान हलवली. "चारी न्हाई, तीन भिंती. चौथीकडं शटर होतं. तेवढं चुकलं बघ त्याचं."