कठडा नसलेली पायरी

प्रिय अदीबभाई,

आणि हो, अब्बांनी तुला फोनवर सांगितलं ते खरंय, मी त्यांना छळते. सकाळी पलंगावरून उतरूच देत नाही. आधी गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी, मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, धरून ठेवायची, हळू सोडायची. तू हसलास, मला ऐकू आलं. यंदा पनवेलला थंडी चांगलीच पडलीय रे. सकाळी दुकानाचं शटर बर्फासारखं लागतं हाताला. डिसेंबरमध्ये अब्बा ते वर करायला वाकले आणि तसेच राहिले. शेजारच्या काशिराम टेलरनी त्यांना धरून स्टुलावर बसवलं आणि वर म्हणाले, मुश्ताकभाई, शटरला तेल घालता तसं स्वतःला पण घाला की थोडं.

खरं सांगू? मला वाईट वाटलं, पण आतून थोडी खूश पण झाले. फिजिओथेरपीची इंटर्नशिप चाललीय, दिवसभर दुसऱ्यांचे आईवडील तपासते, आणि इथे घरातच पेशंट मिळाला. मी लगेच लेक्चर सुरू केलं. थंडीत सांधा आखडतो, दुखतं म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून मांडीचे स्नायू ढिले पडतात, आणि मग सगळा भार गुडघ्यावर येतो. अब्बांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे एवढी फी भरून हे कळलं, की मी म्हातारा झालो.

आमच्याकडे पेशंटला पहिल्यांदा विचारतात, तुम्हाला परत काय करता यायला हवंय? त्यावर सगळे व्यायाम ठरतात. मला वाटलं अब्बा म्हणणार, सजदा, जमिनीवर कपाळ टेकता यायला हवं. मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढायची त्यांना किती लाज वाटते, तुला माहितीये. पण ते म्हणाले, खाली उतरता यायला पाहिजे. आणि परत वर.

मला वाटलं, जिना. झालं, आम्ही जिन्यावर सुरू केलं. मी सांगितलं, आधी कठडा धरा. तर म्हणे, कठडा नको, तिथे कठडा नसतो. तिथे म्हणजे कुठे अब्बा? तर म्हणे, दुनियेत. तू ओळखतोसच त्यांना. पण भाई, काय मेहनत केली त्यांनी. मधुमालतीच्या वेलाजवळचा मागचा ओटा आठवतो ना, जिथून तू सायकल घेऊन पडला होतास? जिना जमल्यावर ते त्या ओट्यावरून चढउतार करायला लागले. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड असतं, उतरताना शरीराचा सगळा भार एका पायाला हळूहळू सोडावा लागतो. घाम यायचा त्यांना, त्या थंडीत. मग एक दिवस म्हणाले, हातात काहीतरी दे, रिकाम्या हाताने काय उपयोग. मी अम्मीची गोधडी गुंडाळून दिली. मला वाटलं, दुकानातला माल उचलायचा असेल. मी तर जोरात शिकवत होते, वजन छातीजवळ धरा, कमरेतून वाकू नका, झटका देऊ नका, अलगद खाली ठेवा. भाई, मी त्यांना म्हणाले, अलगद ठेवा.

अम्मी तिथेच उन्हात खुर्ची टाकून बसते. शाल, त्यावर अजून एक शाल. अब्बा उतरले की म्हणते, आज बरे उतरलात, काल तर पोत्यासारखे आलात. तुला व्हिडिओ कॉलवर ती ठीक दिसते, कारण ती ओढणी पुढे ओढून घेते आणि मला फोन उंच धरायला लावते. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत जातात. तू विचारतोस जेवलीस का, ती म्हणते हो. दोन घास भात आणि सार, तेवढंच.

मागच्या शुक्रवारी शकूरचाचा गेले, तुझ्या शाळेच्या रिक्षावाले. अब्बा जनाज्याला गेले होते. परत आले तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने भरलेली, ओली. मी चिडले, एवढ्या गार मातीत गुडघे टेकले, उद्या कण्हत बसाल. ते माझ्याकडे बघत पण नव्हते. सरळ अम्मीजवळ गेले आणि शाळेतून आलेला पोरगा मार्क सांगतो ना, तसं म्हणाले, उतरलो. शकूरच्या मुलांबरोबर मी पण कबरीत उतरलो. वर येताना फक्त एकाने हात दिला. अम्मीने वाकून त्यांच्या गुडघ्यावरची माती झाडली आणि म्हणाली, चला, आता मला घोर नाही.

मी टॉवेल हातात घेऊन उभीच राहिले. अम्मीनेच मला जवळ बसवलं. म्हणाली, रडायचं नाही, ऐक. बाईला तिच्या घरच्या माणसांनीच कबरीत उतरवायचं असतं. माझा भाऊ राहिला नाही. अदीब लांब, पोचेल न पोचेल, मय्यत कोणासाठी थांबवत नाहीत. मला परक्याच्या हाताने जायचं नाही, म्हणून मीच यांना म्हटलं, पोरीकडून गुडघे नीट करून घ्या.

आम्ही तुला अम्मीला अल्सर झालाय असं सांगितलं. अल्सर नाहीये, भाई. पावसाळा संपतानाच डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आता गोळ्या फक्त दुखू नये म्हणून आहेत. तुला न सांगायची अब्बांनी माझ्याकडून कसम घेतली होती, तू नोकरी टाकून येशील म्हणून. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की अम्मी शेजारीच असते, आणि तुला पाठवलेले मेसेज, व्हॉइस नोट अब्बा बघतात-ऐकतात. म्हणून सलमाखालाचा मुलगा तुझ्याकडे दोह्याला निघालाय, त्याच्याकडे मसाल्याच्या डब्याबरोबर हे पत्र देतेय. तू ये. नंतर नको, आता ये, ती तुला पोत्यासारखा म्हणून चिडवू शकते तोवर. आणि खाली एकटा माणूस पुरत नाही, तेव्हा अब्बांच्या बाजूला तू हवास. काल ते गोधडी घेऊन ओट्यावरून उतरले, कशालाही न धरता, आणि वर पण आले. अम्मी म्हणाली, पास. आमच्या कामात पेशंटला हवं ते जमलं की सांगतात, झालं, आता तुम्ही तयार. मला ते बोलवत नाही. मी म्हणते, नाही अब्बा, उजवा पाय अजून डगमगतो, थोडे दिवस लागतील. पाय अजिबात डगमगत नाही. मला उगाच वाटतं, ते तयार होत नाहीत तोवर अम्मी थांबेल. ते रोज मान हलवून पुन्हा ओट्यावर चढतात. तुला काय वाटतं भाई, सांगून टाकू का त्यांना, की जमलं म्हणून?

तुझीच,
सायमा