हात लावायचा नाही

३ मार्च
आजपासून डॉक्युमेंटरी फोटोग्राफी. ह्यांचा कॅमेरा काढून पुसला. ते गेल्यापासून कपाटात पडून होता. चार्जिंगला लावल्यावर मुकाट चालू झाला. घरातल्या माणसांपेक्षा बरा.
क्लास वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. शिकवणाऱ्या मॅडमनी उभी हयात वर्तमानपत्रासाठी फोटो काढण्यात घालवली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, नजर मात्र सासूची.
पहिला धडा: एकच जागा निवडा. रोज जाऊन बसा. कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही तिथे आहात हे लोक विसरले की मग खरे फोटो मिळतात.
यात मला शिकण्यासारखं काही नाही. मुलाच्या घरात मी आहे हे सगळे केव्हाच विसरलेत. दूध उतू जायला लागलं की तेवढी आठवण होते.
महिनाअखेर प्रदर्शन. ज्याचा फोटो सर्वांत चांगला, त्याला मॅडम पंधरा दिवस बंदरावर नेणार, जुनी जहाजं तोडणाऱ्यांचे फोटो काढायला. मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. ऐनवेळी धांदल नको.

४ मार्च
मुलाला सांगितलं. म्हणाला, आई, पंधरा दिवस? मग धाकटीला शाळेतून कोण आणणार? सून म्हणाली, अहो, आधी निवड तर होऊ दे. तिचा मला पाठिंबा आहे.

६ मार्च
जागा ठरली. कोपऱ्यावरची लाँड्री. आत शिरायला निमित्त हवं म्हणून ह्यांचे शर्ट इस्त्रीला नेले. नाहीतरी सून कपाट रिकामं करा म्हणून मागे लागली आहे. इस्त्रीला दिलेले कपडे कुणी बोहारणीला देत नाही.
मालकाने विचारलं, मावशी, फोटो कशाला, कुणी तक्रार केली का? समजावून सांगितलं. म्हणाला, बसा, पण वाटेत नको.

९ मार्च
काउंटरवर चादरींचा ढीग वेडावाकडा पडला होता. क्लिक करण्याआधी थोडा सरळ केला. कडा जुळवल्या. याला हात लावणं म्हणत नाहीत, कंपोझिशन म्हणतात. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात आहे.

१२ मार्च
मॅडमनी माझे फोटो पाहिले. म्हणाल्या, तुमच्या लाँड्रीत माणसं नसतात का हो? आणि ही थप्पी कुणी लावली? मी म्हटलं, मीच. म्हणाल्या, कॅलेंडरवर शोभतील. हे सगळ्यांसमोर. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ हसले. मत्सर, दुसरं काय. त्यांचा विषय बसस्टॉप, आणि फोटो सगळे हललेले.

१५ मार्च
लाँड्रीत मला विसरायला लागले. पुरावा: मालक न बघताच माझ्या मांडीवर मोज्यांचं गाठोडं ठेवून गेला. परत दिलं असतं तर मी असल्याचं त्याच्या लक्षात आलं असतं. म्हणून जोड्या लावून टाकल्या.

१८ मार्च
लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याची पाठ आखडली, तो घरी झोपून. मालक म्हणाला, मावशी, तेवढी चार गिऱ्हाइकं सांभाळा, तुमच्या हाताला वळण आहे. फक्त आजच्या दिवस, असं ठरवून उभी राहिले. विषय आतून कळल्याशिवाय फोटोत उतरत नाही. कॅमेरा खुंटीला टांगला. वाफेने लेन्स खराब होते.

२१ मार्च
फक्त आजच्या दिवस चालूच आहे.
सुनेने विचारलं, फोटो काढून हातांना खळीचा वास कसा येतो? मी म्हटलं, याला विषयाशी एकरूप होणं म्हणतात. ती म्हणाली, मग घरातल्याही विषयाशी व्हा की जरा, पोरांचे युनिफॉर्म तसेच पडलेत. युनिफॉर्म लाँड्रीत नेले. जाता जाता काम होतं.

२४ मार्च
मॅडम दुपारी लाँड्रीत येऊन बाकावर बसल्या होत्या म्हणे. मला दिसल्या नाहीत. हातात ह्यांचा निळ्या रेघांचा शर्ट होता. तो मी शेवटी घेते. कॉलर आतून झिजली आहे. उलटून शिवून देते म्हटलं होतं, ते राहिलं. तिथे इस्त्री जपून फिरवावी लागते.
मालक म्हणाला, मावशी, दर दोन दिवसांनी हेच शर्ट काय इस्त्री करता, हे साहेब न्यायला येणार कधी? म्हटलं, बाहेरगावी आहेत.

२७ मार्च
फोटो द्यायचा शेवटचा दिवस. अठरा तारखेनंतर एकही काढलेला नाही, पण खरा फोटोग्राफर कमीच काढतो. चादरींचा ढीग दिला. बॅगेत स्वेटरही टाकला. बंदरावर वारा असणार.

३० मार्च
प्रदर्शन. माझा ढीग कुठे दिसला नाही. बँकवाल्यांचा हललेला बसस्टॉप लागला आहे. बंदरावर ते जाणार.
समोरच्या भिंतीवर मॅडमचा स्वतःचा मोठा फोटो. इस्त्रीच्या टेबलावर वाकलेली एक म्हातारी. इस्त्री बाजूला उभी करून ठेवलेली. बाई काम करत नाहीये. शर्टाच्या कॉलरवर हात ठेवून नुसती उभी आहे. आधी शर्ट ओळखला, मग बाई. खाली लिहिलंय: इस्त्रीवाली.
मॅडम जवळ आल्या. म्हणाल्या, त्या दिवशी विचारायलाच थांबले होते, पण तुम्ही मान वर केली नाहीत. नको असेल तर आत्ता उतरवते. म्हटलं, राहू दे. फक्त मागे मोजे विस्कटलेले दिसताहेत. सांगितलं असतंत तर आवरले असते.
 बराच वेळ आम्ही दोघी तो शर्ट बघत उभ्या होतो. फोटोत रेघा छान आल्या आहेत.

३१ मार्च
बॅग रिकामी केली. मजबूत आहे, लाँड्रीत येणारे हॉटेलचे उशांचे अभ्रे मावतात.
उद्यापासून फोटो पुन्हा सुरू. सकाळी लवकर जायचं, गिऱ्हाइकं यायच्या आत काढून मोकळं व्हायचं. नाहीतरी आता इस्त्रीवाला येईलच. मालकाला विचारलं. म्हणाला, त्याने दुसरीकडे काम धरलं, मी अडवलं नाही, मावशी आहेत ना.
मग म्हणाला, उद्या पडदे येणार आहेत, तेवढा तुमचा कॅमेरा घरी न्या. खुंटी लागेल.
नेला.