चित्रातला मधला उजेड

सर, तुमच्या त्या चित्राबद्दल लिहायला बसलोय. चित्रकलेच्या वर्गात फळ्याशेजारी तुम्ही ते लावलं होतंत. दोनशे वर्षांपूर्वी कुणा युरोपियन चित्रकाराने उघड्यावर बसून, उजेड जायच्या आत उरकलेलं संध्याकाळचं अभ्यासचित्र. खाली काळपट टेकड्या, वर ढग आणि मधोमध मावळतीची फट. मी त्याची नक्कल करून आणली तेव्हा तुम्ही कागद लांब धरून म्हणालात, "पिवळा ओतला म्हणून संध्याकाळ होत नाही रे. आधी काळोख नीट बघ." मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा स्वतःचा ब्रश माझ्या हातात दिलात.

त्याच हाताच्या जोरावर मी मस्कतला आलो. इथल्या हमरिया भागात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, अरबी अक्षरं गिरवायला शिकलो. मग फ्लेक्स आले आणि एका सकाळी अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "खलास." तेव्हापासून शहराबाहेर अल अमेरातच्या एका गोदामात कामाला आहे. त्याचं दुःख आता जुनं झालं. यंदा डोळ्यांचं सुरू झालं. साखरेने आतला पडदा खराब केलाय. जे बघायला जावं तेच पुसलं जातं, कडेकडेचं तेवढं उरतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही टिकेलच असं नाही.

मुलीला तुमचं चित्र सांगितलं, तर तिने मोबाइलवर शोधून काढलं. "बाबा, हेच ना?" टेकड्या दिसतात, ढगांच्या कडा दिसतात, मधे नुसता राखाडी डाग. शुक्रवारी ती मला रंग-कागद घेऊन घाटरस्त्यावर घेऊन गेली. डोंगर तेव्हा तांबडे होत असणार. ती सांगतेय, "आता ऑरेंज आहे... नाही, पिंकसारखा. लवकर कर, बाबा, तो जातोय." मी ब्रश ओला करून धरलाय आणि कागदावर कुठे टेकवावा ते कळत नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गेला." मग हळूच, "तू बघितला ना?" मी हो म्हटलं.

हे कुठे पाठवायचं नाहीच. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मला परत वाचता येत नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून कागद टेबलावर उघडाच ठेवतोय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायचं का, असं तिने आत्ताच विचारलं. इथे नाही म्हणवत नाही तेव्हा सगळे म्हणतात, तसं मी म्हटलं, "इन्शाल्ला."