ह्या घरात दही लागत न्हाय

५ डिसेंबर

आले बाई एकदाची. जुळे सोलापुरात तळमजल्याचं घर, फरशी अशी की तोंड बघून कुंकू लावावं. मला वेगळी खोली, पंखा, खिडकी. गावाकडं अक्कलकोटजवळ एका खोलीत सगळं खटलं झोपायचं, हितं पहिल्यांदा हातपाय ताणून झोपले. मालकीण वैजयंतीबाई, मेडिकलचं दुकान चालवते. नवरा कोरोनात गेला. दिवसभर पोरीजवळ माणूस पायजे म्हणून मला ठेवलंय.

पोरगी अंकिता, पहिलीत नाव हाय पण शाळेत धाडत न्हाय, अंगानं काडी, जीभ कातरीवानी. मला पहिलं विचारलं काय, तर "मावशी, तुमच्यात जंतू आहेत?" म्हणलं, पोतंभर हायत, देऊ का? हसून हसून लोळली. "द्या, द्या" करत मागं लागली.

ही वही औषधाच्या कंपनीची. पोरीच्या खाण्याच्या वेळा लिहायला दिलीय. वेळा बाईच्या डोक्यात पक्क्या हायत, पानं मी भरते. चौथीपर्यंत शिकले ते कधी कामाला यायचं?

येताना घरचं विरजण डबीत आणलंय. दह्याबिगर मला घास उतरत न्हाय. दूध मात्र बाई स्वतःच तापवते. पहाटे खलबत्त्यात वेलदोडा कुटून घालते म्हणते, मला हात लावू देत न्हाय. पोरीला सशाचं चित्र असलेल्या पेल्यात, मला चहात. पैसेवाल्यांच्या तऱ्हा. आपल्याला काय, चहा गोड लागतोय.

११ डिसेंबर

दही लागंना. दोनदा विरजण घातलं, दोनदा दूधच. तिप्पण्णा गवळ्याला दारातच धरला. म्हणलं, पावडर कालवतोस का रे मेल्या? माणूस भडकला. "अक्का, शिव्या मला घाला, माझ्या म्हशीला नको. द्या तुमचं विरजण हिकडं." निम्मी डबी घेऊन गेला आन् दुसऱ्या दिवशी सुरीनं कापावं असं दही घेऊन हजर. वर दात काढतोय.

म्हणजे दूध चांगलं, विरजण चांगलं. मग वाईट राहिलं काय? घर.

बाईला दाखवलं तर म्हणली, आंबट म्हणजे जंतू, आपल्याकडं नको. सगळं दही बेसिनात ओतलं, माझ्यादेखत. अन्नाला असं करत्यात? माझं डोकं अजून तापलंय.

१९ डिसेंबर

ओट्यामागं वाटीभर दूध मुद्दाम ठेवलं होतं. आठवडा उलटून गेला. नासलं न्हाय, आंबलं न्हाय. मुंगीसुद्धा आली न्हाय. मेलेल्या माणसाचा डोळा उघडा राहावा तसं पांढरं माझ्याकडं बघतंय.

माझं पोट बिघडलंय. दगड पचवणारी मी, भाकरी खाल्ली की जुलाब. जिभेवर पांढरा थर. अंकिताच्या जिभेवरबी तसाच. शेंगाच्या चटणीचं बोट चाटवलं तर रडली पोर. घराला कायतरी बाधा हाय म्हणून पोरीवरनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाईनं मोहऱ्या बघितल्या आन् सगळी फरशी परत परत पुसली. मी चाललेली पावलं पण पुसली.

२९ डिसेंबर

गावाकडनं नवं विरजण आणलं. तिकडं घरोघर सर्दी, भावजयीची पोरं शेंबूड पुसत खेळत्यात. पहिल्या गाडीनं आले, बाई दुकानाला जायच्या आत पोचले. आन् बघितलं.

खलबत्त्यात वेलदोडा न्हवताच. गोळ्या. दुकानातल्या जंतू मारायच्या गोळ्या, कुटून दुधाच्या पातेल्यात टाकत होती.

लाज न्हाय, घाबरणं न्हाय. हात पुसत म्हणली, "माझ्या नवऱ्याच्या छातीत ते जंतू गेले तेव्हा मी शेजारी झोपले होते. आता या घरात एकही जंतू जिवंत राहणार नाही. तुमच्यातलासुद्धा."

म्हणजे आल्या दिवसापासनं मीबी पितेय. म्हणलं, माझं पोट काय तुझी फरशी हाय, विचारल्याबिगर पुसायला? पोरीला मारशील की अवदसे. पिशवी भरली. अंकितानं पदर धरला. सुटंना तिची मूठ. थांबले.

१ जानेवारी

शिंक आली मला. गावची. सांजच्याला अंकिताला पण.

मीच आणली. विरजण आणायला गेले आन्—

गावात ह्या सर्दीचा नुसता शेंबूड झाला. हितं पोरीच्या बरगड्या आत ओढायला लागल्या.

३ जानेवारी

पोरीला ऑक्सिजन. डॉक्टरीणबाईनं विचारलं, आधी काय औषध चालू होतं? बाई म्हणली, काही नाही. मी गोळ्यांचं सगळं ओकले, वॉर्डात सगळ्यांसमोर.

डॉक्टरीण म्हणली, ही सर्दी विषाणूची, तिच्यावर त्या गोळ्या चालत न्हाईत. पोटात बारीक जीव असत्यात, कोट्यानं, ते अंगाला लढायला शिकवत्यात, गोळ्या त्यांनाच मारत्यात. पुरतं अजून कुणाला कळलेलं न्हाय, पण पोट असं उजाड झालं की साधी सर्दीबी छातीला जड जाते असं दिसतंय. गोळ्या बंद. पोरगी हितंच राहील.

बाईनं मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

५ जानेवारी

मला ताप. दम लागतोय. बाईनं खोलीत घातलं, बाहेरनं कडी. फोन पुसायला नेला, परत दिला न्हाय. दूध आत सरकवते. मी खिडकीच्या गजांतनं ओतते.

पलीकडच्या खोलीत खोकला. अंकिताचा.

घरी आणलीय तिला. सही करून. म्हणं, दवाखान्यात जंतू असतात.

भिंतीवर दोनदा वाजवलं. तिनं दोनदा वाजवलं.

६ जानेवारी

खलबत्ता. सकाळी. दुपारी. परत.

खिडकीतनं तिप्पण्णाला हाका मारायला गेले— आवाज निघंना. त्याचं दूधच बंद केलंय म्हणं. बाई पिशवीचं घेते.

भिंतीवर दोनदा. पलीकडनं एकदाच.

७ जानेवारी

दोनदा वाजवलं. परत. परत—

खोकला थांबलाय. झोपली असंल. बरं वाटत असंल—

थांबव की ते कुटणं, सटवे—

कडी निघाली. बाई. डोळे कोरडे. हाताला औषधाचा वास. दोन पेले. एक माझा. एक सशाचा.

"तिच्या वाटणीचंही तुम्हीच प्या. वाया नको."

हाणून पाडला असता. हात उचलंना.

पलंगावर बसलीय. तुमचं लिहून झालं की प्या म्हणली. म्हणून लिहितेय. लिहीत ऱ्हाणार— दम न्हाय— पोरीनं पहिल्या दिवशी जंतू मागितले होते माझ्याकडं, पोतंभर, द्या द्या म्हणत होती, तवाच तिला उचलून गावाकडं न्हेऊन—