लॅपटॉपमधली हजेरी

६ जानेवारी २०२५
आजपासून पायथन. मिलिटरीतून रिटायर झालो म्हणून डोकं रिटायर होत नाही. सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे कॉम्प्युटर रक्तातच आहे. (केबल ओढण्याच्या पार्टीत होतो. पण केबलशिवाय कॉम्प्युटर चालतो का?) रोज पहाटे एक तास अभ्यास. मार्चपर्यंत एक्सपर्ट. संयोगिताला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, आधी गिझर बंद करायला शिका.

८ जानेवारी, दुपारी
पहाटे थंडी. दुपारचा अभ्यासच जास्त डोक्यात बसतो, असं माझं मत झालं आहे.
लॅपटॉप क्रांतीचा, म्हणजे आमच्या मुलीचा. तिनं ॲनिमेशनचा कोर्स केला, आता पुण्याच्या एका स्टुडिओत नोकरीसाठी छोटी फिल्म बनवते आहे. म्हसवडच्या माळावरून मेंढरं घरी येतात, एवढीच गोष्ट. वीस तारखेला पाठवायची. लॅपटॉप फारच स्लो चालतो. दिवाळीत संयोगिताच्या बहिणीच्या पोरानं, वीरधवलनं, त्यात नवीन रॅम बसवली होती. रहिमतपुरात त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. काय बसवलं कुणास ठाऊक.

१० जानेवारी
यूट्यूबवर सोनं सापडलं. पायथनमध्ये पीएसयुटिल नावाची लायब्ररी आहे. तिला विचारलं की लॅपटॉपमध्ये आत्ता कोणकोणते प्रोग्रॅम कामावर आहेत, कोण किती सीपीयू खातोय, कोण किती मेमरी अडवून बसलाय, सगळी हजेरी मिळते. थोडक्यात, फॉलिन.
स्क्रिप्ट बघून बघून टाइप केली. सगळ्यांसमोर शून्य. अख्खी पलटण झोपलेली. तासाभरानं कळलं, पहिल्यांदा विचारलं की ती शून्यच सांगते. थोडं थांबून परत विचारायचं. रिक्रूटसारखंच आहे.

११ जानेवारी
चोर सापडला. नव्वद टक्के सीपीयू एकटा खातो. नाव सिस्टीम आयडल प्रोसेस. म्हणजे नावातच आळशी, आणि खातो सगळ्यात जास्त. त्याला काढायची ऑर्डर दिली. परवानगी नाकारली.
संध्याकाळी व्हिडिओत कळलं, आयडल म्हणजे रिकामा वेळ. मला माहीत होतंच.

१३ जानेवारी, भोगी
मोठं यश. क्रांती वाण घ्यायला आईबरोबर बाजारात गेली होती. लॅपटॉपला हात लावू नका, असं जाताना म्हणाली. आज भोगीची भाजी, हात तेलकट असतात म्हणून म्हणाली असेल. धुऊन बसलो.
लॅपटॉप भट्टीसारखा तापलेला. हजेरी घेतली. एक प्रोग्रॅम सगळा सीपीयू बळकावून बसलेला, नाव ब्लेंडर. संयोगिता रेसिपीचे व्हिडिओ बघते, त्यातून ही मिक्सरची जाहिरात आत घुसली. उडवला. पंखा लगेच शांत. परत शिरू नये म्हणून स्क्रिप्टमध्ये नियम घातला: कुणीही ऐंशी टक्क्यांवर गेला की बाहेर. लॅपटॉप चालू झाला की स्क्रिप्ट आपोआप ड्युटीवर. फाइलला माझंच नाव दिलं, सयाजी फायनल दोन.
क्रांतीला सरप्राइज देणार.

१३ जानेवारी, संध्याकाळ
सरप्राइज दिलं नाही.
ब्लेंडर तिचा ॲनिमेशनचा प्रोग्रॅम आहे. फिल्मचा उरलेला अर्धा भाग त्यात शिजत ठेवला होता. एकेका मेंढराची लोकर कॉम्प्युटर वेगळी विंचरतो, म्हणून दोन-दोन दिवस लागतात, आणि मधे बंद पडलं की पहिल्यापासून. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. जेवली नाही.
स्क्रिप्ट चालते ती काळी खिडकी बंद करून टाकली. स्क्रिप्टचा विषय संपला. उद्या सांगतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सणाच्या दिवशी कशाला.
वीरधवल तिळगूळ घेऊन आला. दारातच क्रांती त्याला म्हणाली, तू रॅम कसली बसवलीस, माझी फिल्म दोनदा बंद पडली. (दुसऱ्यांदा कशी बंद पडली, समजत नाही. खिडकी मी बंद केली होती.) तो बिचारा म्हणाला, बघतो की, मला दे. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, अलीकडच्या पोरांचं कामात लक्ष नसतं.
हे मी का म्हणालो, कळत नाही. तिळगूळ तोंडात होता.

१७ जानेवारी
लॅपटॉप वीरधवलच्या दुकानात. क्रांती रोज एसटीनं जाते. त्याच्याकडचे बाकीचे कॉम्प्युटर झेरॉक्स आणि आधार कार्डापुरते, मेंढरं त्यांच्यावर चालत नाहीत. त्यानं रॅम बदलली, पंखा बदलला. तरी बंद पडतंय.
आज व्हिडिओ परत बघितला. ‘आपोआप ड्युटीवर’ म्हणजे खिडकी बंद केली तरी लॅपटॉप चालू झाला की ती परत उभी राहते. माझा जवान शिस्तीचा निघाला.
फोन करणार होतो. रेंज नव्हती. नंतर रेंज आली, पण तोवर जेवणाची वेळ झाली होती.

२० जानेवारी
क्रांतीनं अर्धीच फिल्म पाठवली. मेंढरं माळापर्यंत येतात आणि थांबतात. वीरधवलशी बोलणं तिनं बंद केलं आहे.
स्टुडिओवाले समजून घेतील. अर्धवट कलाकृतीत एक गंमत असते. नंतर सांगितलं तरी चालेल.

२४ जानेवारी
स्टुडिओचं उत्तर आलं. अपूर्ण कामाचा विचार करता येत नाही, पुढच्या वर्षी प्रयत्न करा.
क्रांती म्हणाली, जाऊ दे पप्पा. मी तोंड उघडलं. दूध उतू जातंय का बघा, असं संयोगिता म्हणाली, म्हणून गेलो. उतू जात नव्हतं. तिथंच उभा राहिलो.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून दोन शब्द. विषय, जबाबदारी. घसा बसला. मुलांना वाटलं भरून आलं. टाळ्या.
दुपारी वीरधवल लॅपटॉप द्यायला आला. क्रांती आतच बसली. मला अंगणात घेऊन म्हणाला, काका, त्यात एक फाइल होती, सयाजी फायनल दोन. कुणाची हाय ते कळलं मला. लॅपटॉप सगळा पुसून कोरा केलाय. क्रांतीला सांगितलंय, चूक माझीच हुती.
मी विचारलं, का रं? तो म्हणाला, माझ्यावर रागवंल म्हैनाभर, मग इसरंल. तुमच्यावर रागावली तर लय लागंल तिला.
मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज वाटते आहे. उद्या सांगणार. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२८ जानेवारी
काल जमलं नाही. आज जेवताना सांगितलं. सरळ. फिल्म मी बंद पाडली. पायथनची स्क्रिप्ट लिहिली होती, तिनं तुझा ब्लेंडर उडवला. वीरधवलचा काही दोष नाही.
क्रांती म्हणाली, पप्पा, वीरूदादासाठी खोटं बोलू नका. तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येत नाही.
म्हणालो, दाखवतो. लॅपटॉप घेऊन बसलो. पहिलीच ओळ टाइप केली. पायथनच सापडत नाही, असं आलं. सगळं पुसून गेलेलं. ते परत कसं घालायचं, आठवेना.
म्हणालो, वीरधवलला विचार. तिनं स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, काकांना आणि पायथन? न्हाई गं. माझीच चूक हाय ती.
मी फोनमध्ये ओरडून सांगितलं की हा खोटं बोलतोय. संयोगितानं माझ्या हातावर हात ठेवला. आवं, बास आता, म्हणाली.
क्रांतीचे डोळे भरले. फोनवर म्हणाली, दादा, पप्पा तुझ्यासाठी एवढं करतायत, मग मीपण धरून बसत नाही. माफ केलं तुला. तो बरं म्हणाला.
संयोगितानं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली, वर लोणी. म्हणाली, तुमच्यासारखं मन सगळ्यांचं नसतं.
खाल्ली.