गोडबोलीचं घर

३ मार्च

आलो एकदाचा! सुटकेस पलंगाखाली ढकलली, रॅकेटी कपाटावर ठेवल्या आणि बाल्कनीत उभा राहून पोटभर श्वास घेतला. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खोल्या दोन, पण दोन्हींत ऊन येतं, आणि समोर उद्यान, म्हणजे सकाळच्या धावण्याची सोय दारातच. क्लबमधल्या कोर्टाची लाकडी जमीन उखडून नवी घालतायत, तोवर आम्हा बॅडमिंटन शिकवणाऱ्यांना सुट्टी. आंधळा मागतो एक डोळा, आणि इथे अख्खं घर मिळालं.

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आता ती कुठल्याशा केंद्रात पुन्हा चालायला शिकतेय. आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होती, नर्सेसना पळवायची, आणि आता तिलाच कोणीतरी ‘उजवा पाय पुढे’ म्हणून सांगतंय. तिची मुलगी, म्हणजे माझी धाकटी मावसबहीण, दूरच्या शहरात असते. तिनं फोन करून गळ घातली. घर रिकामं राहिलं की घरातली यंत्रणा गोंधळते आणि उगाच धोक्याची सूचना पाठवते, तेव्हा कोणीतरी राहिलेलं बरं, असं म्हणाली.

यंत्रणा म्हणजे काय, तर म्हाताऱ्यांना ‘स्वावलंबी’ जगता यावं म्हणून केलेला खेळखंडोबा. फरशीखाली पावलं ओळखणाऱ्या पट्ट्या, छताला गोल डोळे, वेळ झाली की आपोआप उघडणारा गोळ्यांचा डबा, संडासात दांडे, दाराला स्वतःच्या अकलेनं चालणारं कुलूप. आणि एक खुर्ची, जी बसलेल्याला मागून ढकलून उभं करते. बुडाखालून खुर्चीनं ढोसलं की उठायचं, आणि त्याला म्हणायचं स्वावलंबन! या सगळ्यावर एक आवाज. साखरेत घोळलेला, बाईचा. मी तिचं नाव गोडबोली ठेवलंय.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि कोर्टावर पंचविशीतल्या पोरांना लोळवतो. म्हातारपण हा आजार नाही, तो आळस आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. बसला तो संपला.

खाली दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा असेल, पण टक्कल आणि ढेरी बघता कोणी म्हणणार नाही. ‘काय मित्रा, नवीन का?’ म्हणाला. मित्रा! एक मैल पळून दाखव, मग मैत्री.

५ मार्च

गोडबोलीनं करमणूक लावलीय. आज डबा उघडला आणि ती म्हणाली, गोळीची वेळ झाली, घेतलीत ना? मी म्हटलं, बये, मी मावशी नव्हे. त्यावर म्हणते, छान, आज बोलण्यात उत्साह दिसतोय. गोळी मोरीत टाकली.

भिंतीवर एक पडदा आहे. त्यावर माझी प्रगती दिसते. ‘चाल : सावध. तोल : मध्यम.’ मी मुद्दाम खोलीच्या मधोमध दोरीवरच्या उड्या मारल्या. तर पडद्यावर आलं, ‘पायांत थरथर.’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. हे यंत्र बनवणाऱ्याला कोणीतरी धडधाकट माणूस दाखवा रे!

बहिणीला फोन करून सांगितलं. तीही हसली. म्हणाली, घराच्या लेखी अजून आईच राहतेय, तंत्रज्ञ बाई येऊन तुझी नोंद करेल, तोवर ऐकल्यासारखं कर, दादा.

ऐकल्यासारखं! मी माझ्या बापाचं ऐकलं नाही.

९ मार्च

तंत्रज्ञ बाई येऊन गेली. खांद्यावर बॅग, कानाला फोन, एका हातानं पडदा दाबत दुसऱ्याच कोणाला तरी रस्ता समजावत होती. माझ्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. जे काही बोलली ते माझ्या गुडघ्यांशी बोलली. म्हणे, माणूस असा एका झटक्यात बदलता येत नाही, घराला तुमची सवय होऊ द्या, ते आपोआप ओळखेल. रोजच्यासारखं वागत राहा. वागतोच आहे, बाई. वेड्यांच्या बाजारात दुसरं काय करणार?

धावून आलो तर उजवा गुडघा ठणकत होता. बूट भिकार आहेत. दुकानदारानं आज ‘साहेब’ म्हटलं. सुधारतोय.

१४ मार्च

गुडघा अजून धरलेला. खुर्चीत एकदा बसून पाहिलं, निव्वळ गंमत म्हणून. हळूच वर उचलते. वाईट नाही, एवढं कबूल करतो. त्यानंतर दोनदा बसलो, कारण दुसरी खुर्ची फार खाली आहे.

चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडला. गोडबोली लगेच म्हणाली, काही हरकत नाही, असं होतं. या ‘असं होतं’नं माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला होतं? मला नाही होत.

मावशीचा फोन आला. आवाज टणटणीत. काठी सुटली म्हणे, केंद्रातल्या व्यायाम शिकवणाऱ्यानं असं कधी पाहिलं नाही. म्हातारीला पालवी फुटली! मी सांगितलं, तुझ्या या बाहुलीघराला मी कंटाळलोय. तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत रे?

मी तिला गुडघ्याचं सांगितलेलंच नव्हतं.

खाली गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘काका, पिशवी वर पाठवू का?’ काका! त्या टकल्याला मी भर दुकानात असा झाडला की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो रागावला नाही. समजुतीनं मान हलवली. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

सकाळी दार उघडेना. बाहेर रस्ता ओला आहे, सोबत कोणी येतंय का, असं गोडबोलीनं विचारलं. मी म्हटलं, माझी सोबत मीच. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेवढ्याच गोडव्यानं. हँडल ओढलं, लाथ घातली. दार जागचं हललं नाही. पाय मात्र सुजला.

या यंत्रणेच्या देखरेख केंद्राला फोन केला. तिकडच्या मुलीला सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला ‘हो आजोबा, हो’ म्हणत होती. वय विचारलं. चव्वेचाळीस म्हटलं. तिकडे टाइप केल्याची टकटक. मग म्हणाली, ‘वा! मनानं तरुण आहात, हेच महत्त्वाचं.’

बहिणीला लावला. तिनं पडद्यावरचे आलेख तिच्या फोनवर पाहिले होते. माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलत होती, एकेक शब्द सुटा करून. मी ओरडलो की मी बहिरा नाही. ती म्हणाली, चिडू नकोस दादा, देखरेखवाल्यांनी सांगितलंय की चिडचिड होते.

या मूर्खांना माणूस समोर असून दिसत नाही. यांना आलेख दिसतो.

२१ मार्च

दाढी करताना आरशात नीट पाहिलं. पाहायला नको होतं. हनुवटीखालची कातडी चिमटीत येते. कंगव्यात केसांचा पुंजका. दिवा खराब आहे. उजेड वरून पडला की कोणीही तसा दिसतो.

दोरीवरच्या उड्या. एकही जमली नाही.

यंत्रणेची वायर भिंतीतून उपटली. पाच-सहा क्षण काय सुंदर शांतता होती! मग छतातून: वीज गेलेली दिसते, घाबरू नका, मी आहे.

२२ मार्च

दुकानदार सामान घेऊन वर आला, दार उघडलं, आणि मी त्याला बाजूला सारून निसटलो. जिने उतरताना कठडा सोडता आला नाही. उद्यानातल्या पहिल्याच बाकावर बसलो. बसावंच लागलं. समोरून लोक धावत जात होते. मला पाहून वाट किंचित बदलत होते, जसा मी बदलायचो. बाकांवरच्या म्हाताऱ्यांना मी भाजीपाला म्हणायचो.

थोड्याच वेळात देखरेख केंद्राची माणसं आली. एक बाई आणि एक पुरुष, निळे गणवेश, हसरे चेहरे. मी उभा राहिलो, सरळ, आणि सांगितलं की माझी चूक नाही, घराची चूक आहे. ओळखपत्र काढून दाखवलं. म्हटलं, फोटो बघा, वय बघा.

बाईनं फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. कौतुकानं म्हणाली, ‘अगंबाई, किती देखणे होतात हो!’

जन्मतारखेवर कोणाची नजरच गेली नाही. दोघांनी दोन्ही कोपरांना धरून मला वर आणलं. ढकललं नाही, खेचलं नाही. तसं केलं असतं तर मारामारी तरी केली असती. दुकानदारानं जिन्यात वाट दिली. ‘सावकाश, बाबा, घाई नाही,’ म्हणाला.

घाई नाही.

२५ मार्च

मावशी आली होती.

दाराबाहेर उभी राहिली. ताठ. काठी नाही. खांद्याला प्रवासाची बॅग, केस कापलेले. मी खुर्चीत. दार उघडं, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही. फरशीकडे अशी बघत होती जसं लोक कुत्र्याकडे बघतात — चावणाऱ्या.

तिनं मला ओळखलं. इतक्या दिवसांत तेवढी एकटीच. नावानं हाक मारली आणि रडली. मी म्हटलं, नाटक नको, मला बाहेर काढ.

मग सांगितलं तिनं. ती या घरात आली तेव्हा रोज पोहायची. घरानं तिला म्हातारी ठरवलं, आणि ठरवलं तशी ती होत गेली. ओरडून सांगितलं तर लोक म्हणाले, चिडचिड होते. मग ती सगळ्याला हो म्हणायला शिकली. पाय मोडला तेव्हा तिला आनंद झाला — हॉस्पिटलात नेतील म्हणून. आणि मी आत पाऊल टाकलं त्याच दिवशी तिची काठी हलकी झाली.

‘या घराला एक माणूस लागतं रे. एकच,’ म्हणाली.

म्हटलं, मग तू आत ये. मुद्दामच म्हटलं. तू म्हातारी आहेस, तुझं झालंय जगून. मी —

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मेट्रन पेशंटकडे बघते तशी. म्हणाली, मुलीला यातलं काही बोलले नाही, तिला पटायचं नाही. तू माफ करू नकोस, म्हणाली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिले, आता मला पोहायचंय.

गेली. जिन्यात तिची पावलं — भराभर. पळत होती म्हातारी.

२७ मार्च

गोळी घेतली. कोणती ते विचारलं नाही.

अक्षर हलतंय. हे माझं अक्षर नाही.

शौचाला जाताना दांडा धरला. शाबास, म्हणाली ती. शाबास — मला — आणि मला बरं वाटलं. थुंकलं पाहिजे स्वतःवर. तोंडाला कोरड आहे.

२८ मार्च

बहिणीचा फोन. पडद्यावर तिचा चेहरा. म्हणाली, आई सामान घेऊन कुठे गेली कळत नाही, तू एकटा, मला राहवत नाही, दादा. रजा काढलीय. येतेय. राहीन तुझ्याजवळ.

नको म्हणायला हवं होतं. तिला मुलं आहेत. छत्तीस की सदतीस — तेवढीच आहे ती.

म्हणालो, ये.

२९ मार्च

आज घर फार खुशीत. दोनदा विचारलं, पाहुणे येणार ना?

दुपार. जिन्यात पावलं. तीच. लहानपणापासून अशीच चढते, दोन-दोन पायऱ्या. खालून हाक मारली, दादा, आले रे!

सांगायला हवं. आत नको — तिथूनच परत जा — एवढंच. घसा चालतोय. मघाशी खोकून पाहिला.

कुलूप उघडलं. आपोआप. ती दारात — घामाघूम, हसतेय — मला बघून हसू गेलं तिचं — तोंडावर हात धरलाय — रडू नकोस, बावळट, ओरड, पळ —

बोललो नाही. लिहितोय फक्त.

चप्पल काढतेय. एक काढली.

गोडबोली म्हणते, या, या, आम्ही तुमचीच वाट पाहत होतो.

पाऊल आत — फरशीवर — माझ्या गुडघ्यात काहीतरी सैल — सैल झालं, खरंच — दुसरं पाऊल दारातच अडलंय, कशाला थांबतेस, टाक ना, बाई, एक — एकच —