ऊन लागलं त्याईले

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपार कलंडली आणि मी खिडकीचे पडदे ओढले, की हे अमरावतीचं घर कुठल्या कुठे जातं आणि आपली अकोल्याची खोली येते. जठारपेठेतली. खिडकीत निळा कूलर, वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपणारं पाणी, त्यांचा ओला वास, आणि त्या गारव्यात पसरून झोपलेले बाबा. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसली आहेस आणि आपण दोघी आवाज न करता, नुसत्या ओठांनी बोलतो आहोत. ती दुपार संपूच नये असं मला वाटायचं. बाबा झोपलेले असले की आपलं घर फार छान असायचं.

दालमिलमधली रात्रपाळी करून ते सकाळी यायचे, डोळे लाल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, पोटात काही नाही. मग झोप अर्ध्यात मोडली, भाजीत मीठ कमी पडलं, नाहीतर टाकी कोरडी पडून कूलर गरम हवा फेकायला लागला, की त्यांचा हात तुझ्यावर उठायचा. तू गालाला पदर लावून मला सांगायचीस, "काई नाई व. ऊन लागलं त्याईले." मी ते खरं मानलं. ऊनच लागत असेल तर उपाय सोपा होता. शाळेतून आले की दप्तर टाकून मी बादली बादलीनं कूलर भरायची. टाकी काठोकाठ भरली की वाटायचं, आज माय वाचली. बाकीच्या पोरी बाहेर लंगडी खेळायच्या, आणि मला त्यांची कीव यायची, कारण त्यांच्याकडे एवढं मोठं काम नव्हतं.

एके दिवशी सगळं जमून आलं होतं. टाकी भरलेली, वरण-भात गरम, खर्र्याची पुडी उशाशी, झोपही पुरी. बाबा उठले, चहा प्यायले, आणि तू विचारलंस, दोन दिवस माहेरी जाऊन येऊ का. कप भिंतीवर फुटला आणि पाठोपाठ तू खाली बसलेली दिसलीस. मी रडत ओरडत होते, "पानी हाय व माय, मी भरलं होतं." तू त्याच टाकीत फडकं भिजवून गालावर धरलंस आणि म्हणालीस, "आज लयच तापलं न बाहीर." बाहेर आभाळ आलं होतं.

संध्याकाळी मी मिलमध्ये डबा द्यायला जायची, आठवतं? आपल्या खोलीहून तिथं किती गरम असायचं. शेठ अंगावर ओरडायचा आणि बाबा मान खाली घालून "हो शेठ" म्हणायचे. तिथं त्यांना कधी ऊन लागलं नाही. जागरण, उपाशी पोट, खर्रा, यांनी माणूस चिडतो हे मला मान्य आहे. मीही चिडते. पण हात कुठे उचलायचा आणि कुठे जोडायचा, हे चिडलेल्या माणसालाही बरोबर समजतं.

तू मात्र माझं स्थळ बघताना पोराचे दात बघितलेस. पांढरे दिसले तशी ओट्यापाशी येऊन कानात म्हणालीस, "खर्रा खात नाई, रातपारी नाई. सुखात राहशीन." तुला बोल लावत नाही. मलाही ते दात आवडले होते. हा पहाटे उठून फिरायला जातो, चहा बिनसाखरेचा पितो, वेळेवर झोपतो. शिकवतो त्या क्लासमधली पोरं त्याला डोक्यावर घेतात. घरात एसी आहे. गेल्या आठवड्यात त्यानं माझा हात पिरगाळला तेव्हा खोली चांगली गार होती.

तुझी नात तू बघितली नाहीस. परवा ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, खिडक्या लावल्या आणि एसी सुरू केला. मी विचारलं, "काहून लावला आत्ताच?"

"बाबा येऊन राहिले न. गरम झालं की राग येते त्यांना."

मी फक्त एकदा तिला म्हणाले होते, बाबा उन्हातून आले म्हणून चिडले.

तिला सांगायचं ठरवलं आहे की तिच्या बाबांचा हात उन्हानं उठत नाही, तो बाबाच उचलतात. खोली गार ठेवणं हे तिचं काम नाही, आणि आम्ही दोघी इथून जाणार आहोत. एवढंच सांगायचं आहे, पण जीभ उचलत नाही. म्हणून आधी तुला लिहून पाहिलं. आणि रागावू नकोस, माय, पण लिहिता लिहिता त्याची यायची वेळ झाली तशी मीच उठून एसी लावून आले. रिमोट अजून माझ्या हातात आहे. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे बघते आहे. कागद मिटते. आता तुझ्याशी नाही, तिच्याशी बोलायला पाहिजे.